पिंपळाजवळ लागलेल्या आगी

आमच्या नगरपरिषदेत मी तेव्हा जन्म-मृत्यूच्या टेबलावर बसायचे. कोणी जन्मलं की नोंद माझ्याकडे, कोणी गेलं की नोंद माझ्याकडे. मधली सगळी वर्षं माणसं इतर टेबलांवर हेलपाटे घालायची. एका कंटाळवाण्या दुपारी सहज म्हणून मी जन्माच्या नोंदींचा महिनावार तक्ता केला आणि त्याला रंग दिले. लग्नसराई आटोपल्यावर किती महिन्यांनी आमच्या गावात पाळणे हलतात, हे त्या तक्त्यात इतकं स्वच्छ दिसत होतं की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो छापून नणंदेला दाखवायला नेला. फिरत फिरत तो कागद मुख्याधिकारी मॅडमच्या हातात पडला. मला बोलावणं आलं तेव्हा माफीची दोन वाक्यं मी जिन्यातच जुळवून ठेवली होती.

मॅडम वयानं माझ्याहून लहान, नुकत्याच बदलून आलेल्या. कागद समोर धरून त्यांनी विचारलं, "हे तुम्ही केलं?"

"चुकून झालं, मॅडम."

"असंच चुकून अजून एक करायचंय."

प्रकरण असं होतं. नगरपरिषदेला जुनीच्या जागी नवी रुग्णवाहिका मिळाली होती आणि ती बंबाच्या शेडमध्ये, बंबाला चिकटून उभी होती. तिला गावात दुसरी जागा द्यावी असं ठरत होतं. कोणती, याबद्दल प्रत्येक नगरसेवकाचं स्वतंत्र मत होतं आणि प्रत्येकाच्या मते योग्य जागा नेमकी त्याच्या घरासमोर येत होती. मॅडमना कोणालाच नाही म्हणायचं नव्हतं. नाही म्हणायचं काम त्यांना आकड्यांकडून करून घ्यायचं होतं. कुठून फोन येतात, कधी येतात, कशासाठी येतात, ते काढा म्हणाल्या. मी हो म्हटलं. जन्म आणि मृत्यू दोन्ही मला जमतात, मग मधली धावपळ काय अवघड, असं तेव्हा वाटलं.

अग्निशमनचं ऑफिस म्हणजे नगरपरिषदेमागचं पत्र्याचं शेड. शेडमध्ये एक टेबल, टेबलावर एक फोन आणि फोनशेजारी एक काका. काका फायरमन म्हणून लागले होते आणि आता शिफ्टचे प्रमुख होते. आगीची खबर आली की तिला ते लोक वर्दी म्हणतात. प्रत्येक वर्दी रजिस्टरमध्ये लिहायची, आणि ती वर्षानुवर्षं काकांनीच लिहिली होती. अक्षर असं की पाहत राहावं. तारीख, वेळ, ठिकाण, कारण, गाडी निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ. एकही रकाना रिकामा नाही, एकही खाडाखोड नाही. माझ्या नोकरीत एवढं देखणं रजिस्टर मी पाहिलेलं नव्हतं, आणि खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती.

कित्येक आठवडे मी ती रजिस्टरं संगणकावर चढवत बसले. मग गावाचा नकाशा घेतला आणि प्रत्येक वर्दीसाठी एक लाल ठिपका दिला. ठिपके पडत गेले तसं चित्र उमटायला लागलं. गावात सगळ्यात जास्त आगी बसस्टँडमागच्या पिंपळाजवळ लागत होत्या. दुसऱ्या कुठल्याही जागेपेक्षा कितीतरी जास्त. रुग्णवाहिकेच्या वर्द्यांचंही तेच; गावात माणसाला चक्कर आली तर ती पिंपळाजवळच येत होती. मग मी वेळ तपासली. गाव सकाळी बरोबर आठ वाजता पेटत होतं. कारणाच्या रकान्यात शॉर्ट सर्किट. घराला, गोठ्याला, दुकानाला शॉर्ट सर्किट. आणि दूरदूरवर विजेचा खांब नाही अशा शेतातल्या सोयाबीनच्या सुडीलाही, म्हणजे कापून रचलेल्या ढिगालाही, शॉर्ट सर्किटच.

मला मात्र त्यातलं काहीच खटकलं नाही, हे कबूल करायला हवं. रंगीत तक्ता समोर असला की माणूस तक्त्यावर विश्वास ठेवतो. त्या पिंपळाखालून मी रोज ऑफिसला जायचे. त्याचं एक पानसुद्धा करपलेलं मी पाहिलं नव्हतं. तरी मी मॅडमसमोर नकाशा पसरला आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की रुग्णवाहिका सकाळी आठच्या आधी पिंपळाखाली उभी करावी. मॅडमनी मान हलवली. आमचे हेडक्लार्क, मोठे बाबू, म्हणाले, "शास्त्रीय दिसते." आदेश टाईप करायला जाणार, एवढ्यात कोपऱ्यात उभे असलेले काका खाकरले.

"मॅडम, पिंपळ काई पेटत नाई," काका म्हणाले.

"मग हे काय आहे?" मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. तिथं एवढे ठिपके होते की पिंपळ दिसतच नव्हता.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "थे असं हाय, की फोनवर माणूस घाबरलेला असते. म्हणते, लवकर या, आग लागली. कुठी, तर म्हणते आमच्या घरी. नाव ना गाव. आपल्या गल्ल्याईले पाट्या नाईत. मंग आमी जातो धुरामागं. वापस आल्यावर लिवाचं काय? ज्या जागेले नाव नाई, थे मी पिंपळाजवळ लिवतो. पिंपळ सगळ्याइले माहीत हाय."

"आणि सकाळी आठ?"

"आठले शिफ्ट बदलते, मॅडम. शिफ्ट घेतली की आधी बसून कालचं सगळं नीट लिवतो मी, वेळ तीच टाकतो."

"आणि शॉर्ट सर्किट?"

काकांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "कारण लिवलं नाई त वरून विचारणा येते. शॉर्ट सर्किट लिवलं की कोणी काई विचारत नाई."

मोठे बाबू खिडकीबाहेर बघायला लागले. मॅडमनी नकाशाची घडी घातली. मला वाटलं, आता मी कायमची मृत्यूच्या टेबलावर. पण त्यांना हसू आवरत नव्हतं. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडं आगींची माहिती नाही. काकांच्या सवयींची माहिती आहे. ती मात्र फार व्यवस्थित आहे." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता तुम्ही स्वतः फोनजवळ बसा. दुपारची वेळ. ऐका, लिहा."

असं माझं टेबल शेडमध्ये हललं. काका आधी जरा फुगले होते. माझ्यामुळं त्यांचं रजिस्टर उघडं पडलं होतं आणि त्यांच्यामुळं माझा नकाशा. दोघांचा हिशेब सारखा होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी खुर्चीवर गादी आणून ठेवली आणि ते प्रकरण मिटलं.

फोनवर काय काय येतं हे मी तिथं शिकले. न्हाणीत साप निघाला. पाण्याच्या टाकीवर माकड बसलं आणि उतरत नाही. कोणी विचारायचं, मंगरूळपीरची बस गेली का. एका गृहस्थाला वाटत होतं की गॅसचं सिलिंडर संपलं तरी आम्हालाच कळवायचं असतं, कारण आग आमचा विषय. एकदा धनजहून एकानं फोन केला, कुटाराची, म्हणजे भुशाची, गंजी पेटली म्हणाला. ते आमच्या हद्दीत येत नाही, जवळच्या बंबाला कळवतो, असं काका सांगत होते, तर तो म्हणाला, "थ्यो बंब निघाला हाय, पण तुमचाई येऊ द्या. ज्याचा आधी पोचन त्याचं खरं." आग लागलेली असताना शर्यत लावणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

या सगळ्यात एक फोन मात्र रोजचा होता. दुपारी सव्वातीनला. काका दुसऱ्या रिंगला उचलायचे. पलीकडून बाईचा आवाज यायचा, "चालू हाय का?"

काका म्हणायचे, "हो."

"बरं." आणि फोन बंद.

हे रविवारीसुद्धा. दिवाळीतसुद्धा. काका शांतपणे रजिस्टरमध्ये लिहायचे, खोटा कॉल. मी मागची पानं पाहिली तर खोट्या कॉलची ओळ रोज होती. आधी ती मी मोजतानाच वगळली होती. आता कळलं की आमच्या गावातली सगळ्यात नियमित घटना हीच होती. पिंपळ निदान बदनाम तरी झाला होता, ही बाई कोणाच्या खिजगणतीत नव्हती.

मी काकांना विचारलं, "कोण आहे माहीत आहे?"

"नाई. असन कोणी रिकामटेकडी."

"मग रोज दुसऱ्या रिंगला का उचलता?"

"सवय," काका म्हणाले आणि बंबाचं चाक पाहायला उठून गेले. चाक नुकतंच पाहून झालेलं होतं.

एका दिवशी मी नंबर उतरवून घेतला आणि पत्ता काढला. चौकातलं कापडाचं दुकान, वरचा मजला. मॅडम म्हणाल्या, जाऊन समज देऊन या. आणीबाणीचा फोन अडवणं गुन्हा आहे असं ठणकावून सांगा. ठणकावायला मी काकांना बरोबर घेतलं, कारण त्यांच्या अंगावर खाकी होती. चौकाच्या दिशेनं वळलो तसे काका मागं पडायला लागले. दुकानाची पाटी दिसल्यावर ते थांबलेच. मी म्हटलं, चला. ते आले, पण पायऱ्या ते एकेक करून चढले.

दार उघडलं ते साठीच्या एका काकूंनी. जैन घर. नवरा खाली दुकानात, मुलं बाहेरगावी. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "चपला बाहेर काढा आधी. पाणी घ्या, गाळलेलं हाय." गाळलेलं पाणी हातात घेऊन कोणाला ठणकावता येत नाही, हे मला तिथं कळलं.

गॅलरीत खुर्ची, समोर तांदळाचं ताट. खाली सगळा चौक दिसत होता आणि उजवीकडं आमच्या शेडचं पत्र्याचं छप्परही. आमच्या दोन्ही गाड्यांना कुठंही जायचं असलं तरी या चौकातून जावं लागतं, हे माझ्या तोपर्यंत ध्यानातच आलं नव्हतं.

"काकू, तुम्ही रोज आमच्या ऑफिसला फोन करता," मी सुरुवात केली.

"हो. करते."

"का?"

"चालू हाय का पाहाले." त्यांनी तांदळातला खडा उचलून बाजूला ठेवला. "मागं आमच्या खालच्या गोदामात दिव्यानं पडदा पेटला होता. कापडाचं गोदाम. मी फोन लावते, लावते, लागतच नाई. शेवटी शेजारचे धावले, घागरीनं पाणी ओतलं, विझलं. गठ्ठे जळाले. माणूस गेलं नाई, देवाची दया. तवापासून रोज एकदा पाहून घेते. मले झोप लागते मंग दुपारची."

काका भिंतीकडं बघत होते. भिंतीवर एक कॅलेंडर होतं आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाटलं, दुधाच्या नोंदी असतील. जवळ जाऊन पाहिलं तर एका चौकोनात लिहिलं होतं: लाल, अकरा वीस, मालेगाव रोड, आली बारा चाळीस. खाली: पांढरी, चार पाच, बाजारातून. काही नोंदींपुढं पेनानं एक भोवरा काढलेला होता.

"हे काय आहे, काकू?"

"तुमच्या गाड्या. लाल म्हणजे बंब. पांढरी म्हणजे ॲम्बुलन्स. इथूनच त जाते." त्यांच्या आवाजात किंचित अभिमान होता. "आता फोन चालू ठेवता, पण गाडी निघते का नाई थे कोण पाह्यते?"

मी विचारलं, जुनी कॅलेंडरं आहेत का. काकूंनी कपाटातून गुंडाळ्यांचा गठ्ठा काढून दिला. मी खाली बसले आणि उलगडत गेले. गोदामाच्या आगीपासून आजपर्यंतची प्रत्येक दिवसाची फेरी तिथं होती. गाडी कोणत्या रस्त्यानं गेली, किती वाजता गेली, कधी परत आली. ज्या माहितीसाठी मी आठवडेच्या आठवडे डोळे फोडले होते, ती माहिती तांदूळ निवडता निवडता एका बाईनं लिहून ठेवली होती, आणि आम्ही तिला खोटा कॉल म्हणत होतो.

फक्त एक घोटाळा निघाला. मी हातातलं घड्याळ पाहिलं आणि भिंतीवरचं पाहिलं. भिंतीवरचं दहा मिनिटं पुढं होतं.

"हे पुढं आहे, काकू."

"मुद्दाम हाय. आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात. आमच्या यायले दुकानातून उठवत नाई. घड्याळ पुढं केलं तर वेळेवर वर येतात. दुकानातलं पण मीच पुढं केलं हाय, त्याइले सांगजा नका." मी शपथ घेतली. रोज बरोबर दहा मिनिटांची चूक असेल तर ती चूक कसली, ती दहा मिनिटांनी वजा होते. काकांच्या आठ वाजण्यापेक्षा हे कितीतरी बरं होतं.

"आणि हा भोवरा?"

"थे भोंगा वाजत राह्यते आणि गाडी येत नाई, तवा काढते. तिकडं शेडाजवळच रडत राह्यते बिचारी."

खाली उतरताना काका अर्ध्या जिन्यात थांबले. कठड्याला हात लावून म्हणाले, "बाई, त्या दिवशी शिफ्ट माझी होती."

मला आधी समजलं नाही.

"गोदाम पेटलं थ्या दिवशी. सकाळपासून कोणीतरी बसचा टाइम विचारून राह्यलं होतं. घडीघडी. म्या रिसीवर काढून बाजूले ठेवला. म्हटलं, दहा मिनिटात काय होते. संध्याकाळी गावात ऐकलं, कापडवाल्याचं गोदाम जळालं, फोन लागला नाई. कोणाले बोललो नाई मी. तवापासून दुसऱ्या रिंगच्या वर जाऊ देत नाई."

मी जिन्यात त्यांच्याजवळ थांबले. दोन दिवसांनी काका एकटेच काकूंकडं जाऊन आले. काय झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. त्यांनी सगळं कबूल केल्यावर काकूंनी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "मले वाटलंच होतं. रोज दुसऱ्या रिंगले कोणी उगाच नाई उचलत. पाणी घ्या." एवढंच. काका परत आले तेव्हा त्यांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं; इतक्या दिवसांत मी ते कधी उघडं पाहिलं नव्हतं.

कॅलेंडरं मी संगणकावर चढवली, दहा मिनिटं वजा केली आणि नवा तक्ता केला. आता चित्र वेगळं होतं. सोयाबीनची काढणी झाली की लाल गाडी शेतांच्या रस्त्यांवर धावायची. सुड्या आणि गंज्या तेव्हाच पेटतात. उन्हाळ्यात वस्तीत. पांढरी गाडी बाराही महिने, पण पहाटेपेक्षा सकाळी उशिरा, उन्हं चढल्यावर. पण सगळ्यात गमतीची गोष्ट भोवऱ्यांची निघाली. भोवरे जवळजवळ सगळे आठवडी बाजाराच्या दिवशीचे होते. त्या दिवशी आमच्या शेडच्या दारातच कांद्यांचे ढीग आणि मोटरसायकली उभ्या राहायच्या. गाडीला गावात वेळ लागतच नव्हता. वेळ लागत होता तो स्वतःच्या दारातून बाहेर पडायला.

मॅडमनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, "मागच्या वेळी पिंपळानं फसवलं. या वेळी मी स्वतः पाहणार." येत्या बाजाराच्या दिवशी तालीम करायची ठरली. काकूंनी कधीही फोन करायचा, आम्ही निघायचं, वेळ मोजायची. गाडीत पेशंट हवा, म्हणजे गाडीवरच्या डॉक्टरांनाही तालीम होईल. पेशंट कोण, तर मॅडम म्हणाल्या, मीच झोपते. मोठ्या बाबूंनी विरोध केला. पदाला शोभत नाही म्हणाले. त्यामुळं मॅडमनी ते नक्कीच करायचं ठरवलं.

बाजाराच्या दिवशी बाराच्या सुमाराला काकूंचा फोन आला. या वेळी "चालू हाय का" नाही, अगदी अभिनय करून म्हणाल्या, "अहो, आमच्या यायले छातीत दुखून राह्यलं, लवकर या." मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "कोणाले दुखते? मले काई झालं नाई." काकूंनी फोन ठेवला. मॅडम स्ट्रेचरवर आडव्या झाल्या, भोंगा सुरू झाला, काकांनी गाडी दारात आणली आणि गाडी तिथंच थांबली. समोर पेरूंची हातगाडी. पेरूवाला एका गिऱ्हाईकाला वजन करून देत होता आणि आधी ते पुरं करणं त्याला योग्य वाटत होतं. बाजूला कांद्याचा ढीग, मागं चार मोटरसायकली, त्यांचे मालक बाजारात.

तेवढ्यात भाजीचं टोपलं डोक्यावर घेतलेल्या एका बाईनं काचेतून आत वाकून पाहिलं. नीट न्याहाळलं. मग मागं वळून म्हणाली, "माय, ह्या त नगरपरिषदेच्या मोठ्या मॅडम होत."

पुढचं आवरणं आमच्या हातात राहिलं नाही. "काय झालं त्याइले?" "अटॅक आला म्हणते." "एवढ्या तरण्या बाईले?" "टेन्शन, दुसरं काय." ज्या लोकांनी भोंग्यासाठी इंचभर जागा दिली नव्हती, त्यांनी मॅडमचं नाव ऐकताच कांद्याचा ढीग हातोहात उचलला. पेरूची गाडी बाजूला झाली. मोटरसायकली अलगद उचलून दुसऱ्या मोटरसायकलींवर ठेवल्या गेल्या. मॅडम आत आडव्याच म्हणत होत्या, "उठू का?" डॉक्टर म्हणाले, "आता उठलात तर लोक आम्हालाच मारतील." गाडी चौकातून गेली तेव्हा मी वर पाहिलं. काकू गॅलरीत घड्याळ हातात घेऊन उभ्या होत्या आणि भोवरा काढत होत्या.

संध्याकाळपर्यंत मॅडमच्या बंगल्यावर शहाळी येऊन पडायला लागली. ज्यांचं त्यांच्याशी पटत नव्हतं ते नगरसेवकही येऊन गेले, आणि रुग्णवाहिका आपल्या घरासमोर असती तर असा उशीर झाला नसता, हे सांगायला विसरले नाहीत. मॅडमनी सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली: त्या आजारी नव्हत्या, पण आजारी असत्या तर पेरूंच्या वजनामुळं गेल्या असत्या. नंतरच्या सभेत ठराव झाला की शेडच्या दारासमोर पट्टे मारायचे, तिथं काहीही उभं करायचं नाही, आणि बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिका बाजाराच्या पलीकडं, मंगरूळपीर रोडवरच्या जुन्या नाक्यावर उभी करायची. नाक्यासमोर कोणाचंच घर नसल्यामुळं ठराव एकमतानं झाला.

अहवालात माहितीचा स्रोत लिहावा लागतो. मी लिहिलं, स्वयंपाकघरातील कॅलेंडर. मोठ्या बाबूंनी ते खोडून लिहिलं, चौक निरीक्षण केंद्र. वरून पत्र आलं की या केंद्रात किती कर्मचारी आहेत. मॅडमनी उत्तर दिलं, एक, मानसेवी.

नाक्यावर गाडी उभी राहायला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा बाजारात पोती उचलता उचलता एक हमाल कोसळला. उन्हात, रिकाम्या पोटी. डॉक्टर गाडीसकट तिथं पोचले तोवर त्याच्या तोंडावर पाणी मारायला जमलेली गर्दी अजून नीट गोळाही झाली नव्हती. त्याला वाशीमला नेलं, महिन्याभरानं तो परत पोती उचलायला आला. मी त्याच्यावर रागावले तर म्हणाला, "बाई, गाडी आता जवळच राह्यते ना." लोकांना सोय केली की ते असा अर्थ काढतात.

खोट्या कॉलचा रकाना आम्ही रद्द केला. सव्वातीनची ओळ आता चाचणी या नावानं लिहिली जाते. काका ठिकाणाच्या रकान्यात आता गल्लीतल्या कोणाचं तरी दार, दुकान, हापसा असं खरं काहीतरी लिहितात. अक्षर पूर्वीइतकं सुंदर राहिलं नाही. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा त्यांनी "माहीत नाही" लिहिलं, तेव्हा मला बोलावून दाखवलं. वरून विचारणा आली, ती मी फाइलला लावली.

नंतर मॅडमनी मला शेजारच्या तालुक्यात पाठवलं, तिथल्या लोकांना हे काम शिकवायला. तिथल्या शेडमध्ये एक तरुण क्लार्क माझ्यासाठी रजिस्टर काढून बसला होता. मी दोन तास बोलले. घड्याळ, ठिकाण, कारण, सगळं समजावलं. त्यानं प्रत्येक शब्द उतरवून घेतला. शेवटी पेन खाली ठेवून हळूच विचारलं, "मॅडम, एक सांगा. थे खरं लिवाचं, का नीट लिवाचं?"

मी पिशवी परत खाली ठेवली. शेवटची बस सुटायला अजून वेळ होता. त्याला म्हटलं, चहा सांग, आपण पहिल्या पानापासून सुरू करू.